वडापवाल्याची गाडी आणि घरची गाडी

आमच्याकडे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या बाजूला ज्याला वडाप म्हणतात, त्या माणसं भरून फेऱ्या मारणाऱ्या खासगी जीपगाड्या स्टँडच्या आसपास उभ्या असतात तेव्हा कुणी त्यांच्याकडे कौतुकानं बघत नाही. दाराला पोचे पडलेले, सीटचं रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर आलेला, मागच्या पायरीवर एखादा माणूस लटकलेला. पण त्याच गाड्या सकाळी सहाला चालू होतात, रात्री नऊला थांबतात आणि वर्षानुवर्षं तेच करत राहतात. चार-पाच लाख किलोमीटर हा आकडा त्या लोकांच्या बोलण्यात सहज येतो. त्याच मॉडेलची, त्याच सुमारास घेतलेली, शेडमध्ये कव्हर घालून ठेवलेली, दसऱ्याला झेंडूचा हार पडणारी घरची गाडी मात्र दीड लाखाच्या आतच धूर मारायला लागते आणि मग गॅरेजवाला म्हणतो, इंजिनचं काम काढावं लागंल.

दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातून येतात. लोखंड तेच, इंजिन तेच. फरक एवढाच की वडापची गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवशी मालकाच्या घरात पैसा येत नाही. त्यामुळे तिच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं. घरची गाडी सगळ्यांची असते. काका लग्नाला नेतो, भाऊ शेतावर नेतो, पुतण्या मित्रांना घेऊन कोकणात जातो. किल्ली खुंटीला असते, लागेल त्यानं घ्यावी. डिझेल कुणी भरायचं यावरून थोडीफार कुरबुर होते. ऑइल कधी बदललं, हे मात्र कुणीच विचारत नाही. कुटुंबाची गाडी लवकर म्हातारी होते ती याच कारणानं, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि ते आमच्या घरातल्याच गाडीनं करून दिलं.

आमची बोलेरो २००८ सालची. महिंद्रानं ही गाडी २००० साली बाजारात आणली, नाशिकच्या कारखान्यातून, आणि पुढं कित्येक वर्षं ती देशात सगळ्यात जास्त विकली जाणारी एसयूव्ही होती. आमच्याकडची जुनी, अडीच लिटरच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाची. खाली ट्रकासारखी शिडीची चासी, म्हणजे शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा, मागं पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ताकद मागच्या चाकांना. शहरात वाढलेल्या माणसाला ती खडबडीत वाटते आणि ती आहेच तशी. पण गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा घाट उतरून मालवणला आजोळी जायचं, ऊस तोडणीच्या दिवसांत शेताच्या बांधापर्यंत न्यायची, आजारी माणसाला रात्री कोल्हापूरला पोचवायचं, या सगळ्याला ती पुरून उरते. शिवाय तिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जुन्या गाडीच्या आयुष्यात ही गोष्ट फार मोठी आहे. पार्ट मिळत नाही म्हणून किती चांगल्या गाड्या परड्यात उभ्या राहून कुजल्या, ते आमच्या गल्लीतच बघायला मिळतं.

या गाडीचं नशीब बदललं ते वहिनी घरात आल्यावर. त्यांचं माहेर इचलकरंजीचं, वडिलांचे ट्रक. सुताची बाचकी मुंबईला पोचवायचा धंदा. लहानपणापासून त्यांनी घरात टायर, पाटे, डिझेल हेच शब्द ऐकलेले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या पहिल्यांदा बोलेरोत मागं बसल्या आणि दादानं पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा खालून 'टक्' असा आवाज आला. आम्हाला तो आवाज गाडीचाच एक भाग वाटायचा. वहिनी म्हणाल्या, "क्रॉस वाजतोय. ग्रीसिंग कधी केलंय?"

दादा माझ्याकडं बघतोय, मी बाबांकडं बघतोय.

दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर चढवली. वहिनी खाली वाकून मिस्त्रींच्या शेजारी उभ्या. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा जो लांब दांडा असतो, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखे सांधे असतात. तेच क्रॉस. प्रत्येक क्रॉसच्या चार टोकांवर छोट्या वाट्या आणि वाटीत सुईएवढ्या बारीक पोलादी सळ्या गोल बसवलेल्या. त्या सळ्यांना ग्रीस मिळालं नाही की त्या आपल्याच जागेवर घासत राहतात आणि त्यांची पूड होते. मिस्त्रींनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला कुंकवासारखी तांबूस भुकटी लागली. "बगा वैनी, ह्यो रडायला लागलाय," ते म्हणाले. मग शाफ्ट हातानं पिरगाळून दाखवला. दोन्ही बाजूंना थोडासा हलत होता. तो तसाच ठेवला असता तर एखाद्या दिवशी वेगात सुटून खालच्या पत्र्याला भिडला असता.

क्रॉस बदलले. आणि त्या दिवसापासून ग्रीसगन आमच्या घरात आली. ग्रीसचा निपल, म्हणजे ग्रीस आत सोडायचं बारीक तोंड, पुसायचा, गन लावायची, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन मागून नवीन दिसेपर्यंत दाबायचं. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली की पुन्हा. काम अर्ध्या तासाचं, खर्च चहा-भज्यांएवढा. ट्रकवाले आणि वडापवाले हे न सांगता करतात. शोरूमच्या सर्व्हिसमध्ये गाडी दिली की हेही होत असेल, असं आपण गृहीत धरतो. बिलावर 'ग्रीसिंग' असा शब्दही असतो. पण खाली वाकून निपल कोरडा आहे की ओला, हे बघणारा ग्राहक मला क्वचितच दिसला.

इंजिन ऑइलबद्दल लोकांना थोडंफार माहीत असतं, तरी त्यातली एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात उलटी बसलेली आहे. 'गाडी जास्त चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?' वर्षाला दहा हजार किलोमीटर न झालेली गाडी, म्हणजे तिचं ऑइल चांगलंच असणार. खरं तर वडापच्या इंजिनाला हे सुख असतं की ते दिवसभर गरम असतं. घरच्या गाडीच्या नशिबी बहुतेक वेळा दोन-तीन किलोमीटर. दूध संस्थेपर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. थंड इंजिनात ज्वलनातून तयार होणारी वाफ ऑइलमध्ये उतरते आणि उडून जायला तिला पुरेशी उष्णताच मिळत नाही. न जळलेलं डिझेल थोडं थोडं खाली झिरपतं, ऑइल पातळ होतं. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होतं आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपतात. प्रदूषणावर मर्यादा घालणारी 'भारत स्टेज', म्हणजे बीएस, अशी सरकारी मानकं असतात. जुन्या बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं. बीएस-४ मध्ये ते ५० वर आलं आणि आताच्या बीएस-६ मध्ये १० वर. म्हणजे आजचं डिझेल इंजिनाला कितीतरी सोसवतं. तरीही ऑइलला किलोमीटरबरोबर तारीखही लागते. दहा हजार किंवा वर्ष, आधी होईल ते. आमच्याकडे दर वर्षी गाडीचा पाडवा असतो. गुढी उभारायच्या आदल्या दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर. सणाशी बांधलं की विसरायला होत नाही.

टर्बोचंही तसंच. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करणारी माणसं बघितली की मला राहवत नाही, ओळख नसली तरी सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो आणि त्याचा सगळा भरवसा ऑइलच्या एका पातळ थरावर. इंजिन थांबलं की ऑइलचा पंप थांबला. लालबुंद झालेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथंच करपतं, त्याची काजळी होते आणि हळूहळू वाट बुजवते. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, बस. आंबोलीला चहा प्यायला थांबतो तेव्हा आमच्या गाडीतली माणसं उतरून टपरीवर पोचतात, तरी इंजिन गुरगुरतच असतं.

आता ज्या भागानं मी बघितलेल्या सगळ्यात जास्त गाड्यांचा जीव घेतला, त्याबद्दल सांगतो. तो भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण.

इंजिनाभोवती फिरणारं पाणी उघड्यावर शंभर अंशाला उकळेल. पण झाकणात एक स्प्रिंग आणि रबराची चकती असते, ती आत दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही, वाफ कडेनं जाते, तसंच हे. चकती कडक होऊन तडकली की दाब धरत नाही, घाटात पाणी लवकर उकळतं, उकळलेलं पाणी बाहेर पडतं, पातळी खाली जाते. तापमानाचा काटा वर चढलेला चालवणाऱ्याला दिसत नाही, कारण मागं गाणी चालू असतात आणि पोरं भांडत असतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि खालचं इंजिन यांच्या मधलं पॅकिंग, हेड गॅस्केट, जातं, हेड वाकडं होतं. आमच्या ओळखीच्या एका घरातली चांगली गाडी याच पायी गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिचं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, आलं होतं, तिथल्या लेथवर मी ते बघितलं. मिस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, मागं बॅटरी धरली, आणि पट्टीखालून उजेडाची एक रेघ मधोमध दिसली. केसाएवढी. तेवढ्यासाठी मालकाला जे बिल आलं, त्यात झाकणांचं एक दुकान निघालं असतं.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट पाण्याची. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जे मिसळलेलं असतं ते कूलंट थोडं कमी झालं की पोरगा बोअरचं पाणी ओततो. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट हिरवं किंवा लाल दिसतं म्हणून ते कायम टिकतं असंही नाही. गंज रोखणारी जी द्रव्यं त्यात असतात ती संपतात, रंग मात्र तसाच राहतो. वहिनी दर महिन्याला, सकाळी, गाडी थंड असताना बॉनेट उघडतात. बाटलीतली पातळी, झाकणाचं रबर, खालच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, हातानं दाबून बघणं. होज टणक किंवा अगदी लिबलिबीत झाली असेल तर ती बदलायची. एवढं करायला पाच मिनिटं पुरतात.

धुळीचं एक सांगायला हवं, कारण गळिताच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी जी धूळ उडते, ती इंजिनाच्या पोटात गेली तर पिस्टन ज्यात वरखाली होतो ते लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. एअर फिल्टर बदललेला असतो, पण फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपला घडीच्या जागी बारीक चीर पडलेली असते. तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. तपासायची रीत सोपी आहे. पाइप सोडवायचा, आत बोट फिरवायचं. स्वच्छ पाहिजे. बोटाला माती लागली, तर ते इंजिन माती खातंय.

इथवर सगळं दुरुस्तीच्या आवाक्यातलं. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स उघडता येतो. माझ्या मते शिडीच्या चासीवरच्या गाडीला शेवटी मारतो तो गंज, आणि ते मी मालवणला मामांच्या दारात बघितलं. त्यांचीही बोलेरोच, आमच्यापेक्षा थोडी उशिरा घेतलेली, निम्मीही न चाललेली. समुद्र जवळ, खारं वारं, वर जून ते सप्टेंबर कोकणचा पाऊस. गाडी सावलीत हवी म्हणून मामा ती फणसाखाली लावायचे. फणसाची पानं काचेच्या खालच्या जाळीतून आत पडायची आणि कुजून त्या खाचेतलं पाणी जायचं भोक बुजवायची. मग साठलेलं पाणी आतल्या बाजूनं पायापाशी उतरायचं. वर जाड मॅट, मॅटखाली ओला फोम, फोमखाली पत्रा. वरून काही दिसत नव्हतं, फक्त पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायचा. मामी म्हणायच्या, "गाडयेत ओल येता खंयसून ती बघा मगे." कुणी बघितलं नाही, कारण गाडी गोव्यातला मुलगा येईल तेव्हा तोच नेणार होता, मामांना दिसायला कमी झालं होतं आणि शेजारी फक्त बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून ठेवायचे. मॅट उचलली तेव्हा ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्राच नव्हता, खालची लाल जमीन दिसत होती. इंजिन मात्र चावी फिरवताच सुरू झालं, आवाजही घड्याळासारखा.

चासीच्या पोकळ दांड्यांतही हेच होतं. चिखल आत जाऊन बसतो, वरून वाळतो, आतून ओला राहतो. गाडी वरून रोज धुणारे पुष्कळ असतात. पावसाळा संपल्यावर रॅम्पवर चढवून, चासीच्या भोकांत पाण्याची धार घालून आतला गाळ काढणारे कमी. आम्ही दसऱ्याआधी ते करतो. गाळ निघाला, दोन दिवस उन्हात वाळली, की मिस्त्री स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चासी ठोकत जातात. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्या जागी बद्द. बद्द वाजेल तिथं घासायचं, प्रायमर, मग काळं कोटिंग. ओल्यावरच कोटिंग मारलं तर आतली ओल कोंडून उलट जास्त गंजतं. घाईत असलेल्या वॉशिंग सेंटरवर हे हमखास होतं, म्हणून वाळेपर्यंत गाडी तिथून हलवायची नाही, असा वहिनींचा हट्ट असतो. दाराच्या खालच्या कडेची बारीक भोकंही काडीनं मोकळी करायची.

ब्रेक हा गाडीच्या आयुष्यापेक्षा माणसांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-३ प्रतीचं ऑइल २०५ अंशाच्या पुढं उकळतं. ओल पिऊन बसलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं. आंबोली उतरताना गिअर न वापरता ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्या भरलेल्या गाडीत तेवढी उष्णता सहज तयार होते आणि मग पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. यात तडजोड नाही.

२०२३ मध्ये आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ते शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, वर पर्यावरण कर, तपासणी वेगळी. कोल्हापूरला आरटीओत नेण्याआधी घरात बरीच चर्चा झाली. दादाला नवी गाडी हवी होती. त्याचं म्हणणं चूक नव्हतं; जुन्या गाडीत एअरबॅग नाहीत, धूर नव्या गाडीपेक्षा जास्त, आणि घरात आता लहान मूल आहे. मलाही ते पटतं. गाडी किती वर्षं टिकवता येते आणि ती किती वर्षं टिकवावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर फक्त ग्रीसगननं मिळत नाही. अखेर ठरलं ते असं: लांबच्या प्रवासाला, बाळाला घेऊन, नवी गाडी, शेत, बाजार, आंबोलीपर्यंतची धाव बोलेरोची. तपासणीत ती पहिल्याच वेळी पास झाली.

नवी गाडी बीएस-६ डिझेल आहे, आणि तिनं वहिनींना नवा अभ्यास लावला. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला अधूनमधून सलग, गरम, हायवेची धाव लागते. रोज दोन किलोमीटरवर शाळा आणि परत, असं केलं की फिल्टर भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि काम महागात जातं. ऑइलही ठरवून दिलेल्या प्रकारचंच हवं, राख कमी सोडणारं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं कुठलंही घालून चालत नाही. म्हणून आता शाळेची फेरी बोलेरोकडे आली आहे आणि नवी गाडी आठवड्यातून एकदा संकेश्वरच्या पुढं हायवेला जाऊन येते. बऱ्याच वेळा वहिनीच नेतात.

बोलेरोचं पुढचं नूतनीकरण २०२८ मध्ये आहे. बॉडी आणि चासीच्या मधली रबरं दबली आहेत, खड्ड्यातून जाताना दार चौकटीला किंचित घासतं. दादा म्हणतो, २०२८ पर्यंतच ठेवायची तर ती रबरं आता कशाला बदलायची. वहिनींचं म्हणणं, रबरं बदलली नाहीत तर बॉडीचे बोल्ट बसतात तिथला पत्रा फाटेल आणि मग २०२८ ची वाटच बघायला नको. मिस्त्रींनी पार्टची चौकशी करून ठेवली आहे. ऊस गेला, रस्ते मोकळे झाले की गाडी त्यांच्याकडे न्यायची आहे. दादाशी तेवढं बोलणं बाकी आहे.